मार्सेय: सव्वीसशे वर्षांचं बंदर, मग जुनं सगळं गेलं कुठे?

खाडीकर (धागाकर्ता)

मार्सेलिस म्हटलं की आपल्याला ८ जुलै १९१० आठवतं आणि विषय तिथेच संपतो. त्या उडीबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, आणि इथेही कुणीतरी ती काढणारच. काढा, जरूर काढा. पण मला ज्या शहराबद्दल लिहायचंय ते त्या उडीच्या अडीच हजार वर्षं आधीपासून तिथे आहे.

मी नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समध्ये राहतो, मार्सेयला येणं-जाणं चालू असतं. घरी आलेल्या पाहुण्यांना तिथे नेलं की प्रश्न ठरलेला: "हे फ्रान्समधलं सगळ्यात जुनं शहर ना? मग जुनं काय आहे इथे?" प्रश्न रास्त आहे. जवळच्या आर्लला आणि नीमला रोमन रंगमंडलं धडधाकट उभी आहेत. मार्सेय त्या दोन्हींपेक्षा जुनं, पण इथे प्राचीन म्हणून दाखवायला एक सबंध कमान नाही.

माझं मत असं झालंय की या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच या शहराचा इतिहास. ओस पडलेल्या गावांचे अवशेष राहतात. हे बंदर कधी ओस पडलंच नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीने आदल्या पिढीचे दगड उचलून आपली घरं बांधली. आणि त्यात भर अशी, की दर एक-दोन शतकांनी कुणी ना कुणी बाहेरून येऊन या शहराला अद्दल घडवायचं ठरवलं.

सुरुवात इ.स.पू. ६०० च्या आसपासची. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकाया नगरातले ग्रीक दर्यावर्दी इथे आले. पश्चिमेला तोंड असलेली, डोंगरांच्या कुशीतली चिंचोळी खाडी, गोड्या पाण्याचा झरा, वाऱ्यापासून आडोसा. ग्रीक तिला लाकिदोन म्हणत. आजचं 'जुनं बंदर' ती हीच खाडी, आकारही जवळपास तोच.

दंतकथा सगळ्यांना आवडते ती अशी. स्थानिक टोळीचा राजा नान्नुस याच्या मुलीचं, जिप्तिसचं, त्याच दिवशी लग्न ठरायचं होतं. मेजवानीत ती ज्याच्या हाती पेला देईल तो नवरा. परदेशी पाहुणा म्हणून आलेल्या प्रोतिसला तिने पेला दिला, आणि आंदण म्हणून मिळालेल्या जमिनीवर शहर वसलं. या गोष्टीचा दुसरा अंक मात्र फारसा कुणी सांगत नाही. नान्नुसच्या मुलाला हे पाहुणे डोईजड वाटू लागले. सणाच्या दिवशी पालापाचोळ्याने झाकलेल्या गाड्यांतून माणसं लपवून आत सोडायची आणि रात्री वेशीचे दरवाजे उघडायचे, असा त्याने बेत केला. त्याच्याच नात्यातल्या एका बाईचा एका ग्रीक तरुणावर जीव होता, तिने बातमी फोडली. बेत फसला, तो स्वतःच मारला गेला. तेव्हापासून मस्सालियात (हे मार्सेयचं ग्रीक नाव) सणाच्या दिवशी वेशी बंद ठेवायचा आणि परक्या माणसावर नजर ठेवायचा रिवाज पडला, असं रोमन इतिहासकार युस्तिनुस लिहितो. प्रेमाने आत घेतलेलं आणि संशयाने दार लावलेलं, या दोन्ही गोष्टी या शहराच्या जन्मातच आहेत.

पुढे पिथेआस नावाचा इथला माणूस इ.स.पू. ३२५ च्या सुमारास ब्रिटन आणि त्याच्याही उत्तरेपर्यंत जाऊन आला. मध्यान्हीच्या सावलीवरून त्याने मार्सेयचं अक्षांश काढलं होतं आणि ते आजच्या आकड्याच्या फार जवळ जातं.

मग पहिली अद्दल. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर आणि पॉम्पी यांच्या भांडणात मस्सालियाने तटस्थ असल्याचं सांगितलं आणि पॉम्पीच्या सेनापतीला बंदरात घेतलं. सीझरने वेढा घातला, महिनोन्महिने चालवला, शेवटी शहर शरण आलं. आरमार, शस्त्रं, खजिना, ताब्यातला बहुतेक मुलूख, सगळं गेलं.

दुसरी अद्दल नोव्हेंबर १४२३ ची. स्पेनमधल्या आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याचं आरमार खाडीच्या तोंडाची साखळी तोडून आत घुसलं. शहर तीन दिवस लुटलं, जाळलं. जाताना ती साखळीही नेली. आजही ती स्पेनमध्ये वालेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये भिंतीवर टांगलेली आहे. मी ती पाहिली आहे. प्रत्येक कडी हाताच्या पंज्याहून मोठी. एका शहराच्या दाराची कडी दुसऱ्या शहराच्या देवघरात लटकतेय, याचं वालेन्सियातल्या कुणालाच काही वाटत नाही, हे पाहून मला मात्र गलबलून आलं.

पुढचं प्रतिसादांतून लिहीन. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

रानजाई

सुंदर सुरुवात. नान्नुसच्या मुलाची गोष्ट प्रथमच वाचली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जुनी_नाणी

खाडीकर, "जुनं काही नाही" या वाक्याला माझी हरकत नोंदवतो. जुनं आहे, पण जमिनीखाली आहे. १९६७ साली जुन्या बंदराच्या मागे, शेअरबाजाराच्या इमारतीजवळ मोठं व्यापारी संकुल बांधायला खोदकाम सुरू झालं आणि ग्रीक तटबंदी, वेशीचे पाये, रोमन रस्ता, बंदराचं गाळाने बुजलेलं टोक असं एकामागून एक वर आलं. संकुल पुढे झालंच, पण लोकांनी आणि अभ्यासकांनी आवाज उठवला म्हणून एक भाग राखला गेला. आज तिथे बाग आहे आणि लागून शहराच्या इतिहासाचं संग्रहालय. तिथे उभं राहिलं की लक्षात येतं, समुद्र पूर्वी आणखी आत होता. तुम्ही गवतावर उभे असता ती जागा एके काळी बंदराचा तळ होती.

संग्रहालयात एका वस्तूसमोर मी बराच वेळ थांबलो. १९९३ मध्ये झूल व्हेर्न चौकात सापडलेली इ.स.पू. सहाव्या शतकातली होडी. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, दोरीने शिवलेल्या आहेत. फळीच्या कडेला ओळीने तिरकी भोकं पाडलेली, त्यातून ओवलेला दोर, आणि भोक घट्ट बसावं म्हणून मारलेली लाकडी खुंटी. सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. आत पोवळ्यांचे कण सापडले, म्हणजे पोवळी काढायला जाणाऱ्यांची होडी. तिच्याच शेजारी सापडलेल्या दुसऱ्या जहाजात शिवण कमी झालेली आणि फळ्या खाचा-कुसवांनी जोडलेल्या दिसतात. जुनी पद्धत सुटून नवी धरली जात असतानाचा काळ दोन सांगाड्यांत पकडला गेलाय. २०१३ साली त्या छोट्या होडीची हुबेहूब प्रतिकृती बांधून पाण्यात सोडली, तिचं नाव 'जिप्तिस'.

गोंयकार_पणजी

शिवलेल्या होडीचं वाचून राहवलं नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अरबांकडे शतकानुशतकं अशीच जहाजं काथ्याने शिवत असत. नौदलासाठी अलीकडे 'कौंडिण्य' नावाचं शिवलेलं जहाज आमच्या गोव्यातच बांधलं आणि २०२५ मध्ये कारवारला ते ताफ्यात घेतलं. दोन समुद्र वेगळे, पण लोखंडाशिवाय जहाज बांधायचं कसं, या प्रश्नाला दोन्हीकडच्या सुतारांनी दिलेलं उत्तर जवळपास एकच.

आता गोवा निघालाच आहे तर मार्सेयशी असलेला आमचा एक जुना संबंध सांगतो. १५१४ मध्ये गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडून पोर्तुगीजांना एक गेंडा भेट मिळाला. त्यांचा गव्हर्नर आल्बुकेर्क याने तो जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढवून लिस्बनला धाडला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. जर्मन चित्रकार ड्युररने न पाहताच, वर्णनावरून, ज्याचं ते प्रसिद्ध लाकूडचित्र केलं तो हाच. पोर्तुगालच्या राजाने तो पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवला. वाटेत जहाज मार्सेयसमोरच्या बेटावर थांबलं आणि १५१६ च्या जानेवारीत फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा खास त्याला बघायला तिथे गेला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. साखळदंडाने बांधलेला तो मुका जीव पोहता येत असूनही वाचला नाही. ते बेट 'इफ'. तिथला किल्ला या भेटीनंतर काही वर्षांनी त्याच राजाने बांधला.

खाडीकर

गोंयकार, मनापासून आभार. मी इफच्या किल्ल्यावर पाहुण्यांना नेतो तेव्हा यापुढे गेंड्याची गोष्ट आधी सांगणार.

जुनी_नाणी, तुमची हरकत मान्य करण्यासारखीच आहे, आणि तिने माझाच मुद्दा पक्का होतो: इथलं जुनं वर दिसत नाही, कुणीतरी पाया खणला की निघतं.

तिसरी अद्दल सांगतो. शहर १४८१ मध्ये प्रोव्हान्स प्रांताबरोबर फ्रान्सच्या राज्यात आलं, तरी स्वतःला जवळपास स्वतंत्रच समजत असे. चौदाव्या लुईला हे खपलं नाही. १६६० च्या मार्चमध्ये तो वेशीतून आलाच नाही. तट फोडून घेतला आणि जिंकलेल्या शहरात शिरावं तसा त्या खिंडारातून आत आला. मग बंदराच्या तोंडाशी सां-निकोला किल्ला उठवला. त्याच्या तोफा समुद्राकडे कमी आणि शहराकडे जास्त रोखलेल्या होत्या. तट पाडून शहर वाढवलं, वल्ह्यांच्या गॅली जहाजांसाठी प्रचंड गोदी बांधली. त्या जहाजांवर साखळीने जखडलेले कैदी वल्ही मारत: चोर, पळपुटे शिपाई, तुर्क गुलाम, आणि केवळ आपला प्रोटेस्टंट पंथ सोडला नाही म्हणून शिक्षा झालेली साधी माणसं. त्या गोदीचं आज जवळपास काही उरलेलं नाही.

पण हेही सांगायला हवं की याच राजवटीत, १६६९ मध्ये, लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याने मार्सेयला जकातमुक्त बंदर केलं आणि पूर्व भूमध्य समुद्राच्या व्यापाराची मक्तेदारी शहराच्या पदरात पडली. कापूस, रेशीम, कॉफी, साबणासाठी लागणारं तेल. पैसा आला तो इथून. आणि १७२० मध्ये जे आलं तेही त्याच वाटेने.

डॉ_सदाफुली

१७२० बद्दल मला लिहू द्या. सार्वजनिक आरोग्य शिकवताना मी हे प्रकरण दर वर्षी वर्गात घेते.

पहिली गोष्ट, मार्सेय गाफील नव्हतं. विलग्नवासाची (क्वारंटाइन) त्यांची व्यवस्था युरोपातल्या सर्वोत्तम व्यवस्थांपैकी एक होती. प्रत्येक जहाजाला निघालेल्या बंदराचा आरोग्य-दाखला लागे आणि तो तीन प्रकारचा: स्वच्छ, संशयित, दूषित. त्यावरून जहाज किती दिवस कुठे थांबणार हे ठरे. शहराबाहेर आराँकला भिंतींनी वेढलेलं विलग्नस्थान, समोर पोमेग बेट, आणि खरोखर भीती असेल तर आणखी दूरचं निर्जन जार बेट. कागदोपत्री सगळं चोख.

'ग्रां सेंत-आंतोआन' हे जहाज २५ मे १७२० ला आलं. सीरियाच्या किनाऱ्यावरून कापूस आणि रेशीम घेऊन. वाटेत माणसं मेली होती आणि त्यांत जहाजाचा वैदूही होता. इटलीतल्या लिव्होर्नोच्या वैद्यांनी 'घातक ताप' असा शेरा मारला होता. कप्तान शातोने मृत्यू लपवले नाहीत. नियमाप्रमाणे जहाज जार बेटाकडे जायला हवं होतं. पण या मालात शहराच्या कारभाऱ्यांपैकी एक, एस्तेल, याचा वाटा होता आणि जुलैच्या बोकेरच्या जत्रेत तो माल विकायचा होता. निर्णय बदलला. कापसाचे गठ्ठे आराँकच्या विलग्नस्थानात उतरवले गेले, तिथले हमाल मरू लागले, आणि तिथून कापड चोरवाटांनी गावात झिरपलं.

२० जूनला जुन्या वस्तीतल्या बेल-ताब्ल नावाच्या अरुंद गल्लीत पहिली बाई दगावली. कारभाऱ्यांनी आठवडेच्या आठवडे 'साधा ताप' म्हणून वेळ काढला, कारण प्लेग जाहीर करणं म्हणजे बंदर बंद करणं. जुलैअखेर जवळच्या एक्स शहरातल्या न्यायसभेने शहराशी संबंध ठेवणाऱ्याला देहदंड जाहीर केला. ऑगस्टमध्ये रोज शेकड्यांनी माणसं मरत होती. शहराची वस्ती सुमारे ९०,०००, त्यांतली जवळपास ४०,००० गेली. शहरात दर पाचांत दोन!

एक प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. समुद्राकाठच्या तुरेतच्या पटांगणावर हजाराहून अधिक प्रेतं तीन-तीन आठवडे उन्हात पडून होती. कुणी जवळ जाईना. १६ सप्टेंबरला निकोला रोझ नावाचा सरदार सुमारे दीडशे शिपाई आणि गॅलीवरचे कैदी घेऊन तिथे गेला. सगळ्यांच्या तोंडाला व्हिनेगरात भिजवलेली फडकी. त्याने आधी जवळच्या जुन्या बुरुजांच्या तळघरांची छतं फोडून ठेवली होती. सांगतात की तो स्वतः घोड्यावरून उतरला, एका प्रेताचा पाय धरला आणि ओढत नेऊन त्या पोकळीत टाकला. मग बाकीचे पुढे झाले. अर्ध्या तासात पटांगण मोकळं झालं. त्या कैद्यांतले जवळपास सगळे पुढच्या काही दिवसांत प्लेगने मेले. रोझ वाचला. त्याचा पुतळा आहे. त्या कैद्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

जहाज सप्टेंबरअखेर सरकारी हुकमाने जार बेटाजवळ जाळलं. १९७८ मध्ये पाणबुड्यांना त्याचे अवशेष सापडले. कप्तान शातो इफच्या किल्ल्यात तीन वर्षं कैदेत राहिला. एस्तेल निर्दोष ठरला आणि पुढे राजाने त्याला उमरावकी दिली. याचा मला दर वर्षी नव्याने राग येतो.

तळ्यात_मळ्यात

डॉक्टर, अंगावर काटा आला. पण जंतूच माहीत नसताना त्या लोकांना दोष द्यावा का? पिसवांचं तर त्यांना स्वप्नातही आलं नसेल.

डॉ_सदाफुली

पिसवांबद्दल नाहीच दोष. ती गोष्ट कळायला १८९८ उजाडावं लागलं, आणि त्यात आपला भाग आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, पुण्यात १८९७ मध्ये काय झालं ते आपण जाणतोच. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने पॉल-लुई सिमाँ याला मुंबईकडे धाडलं. त्याने मुंबईत आणि कराचीत उंदीर आणि रुग्ण तपासले आणि जून १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवून दिलं की उंदराकडून उंदराकडे रोग पिसू नेते.

पण १७२० मध्ये पिसू माहीत नसली तरी 'माल दूर ठेवा' हे माहीत होतं. नियम लिहिलेला होता, तो पाळण्याची शंभर वर्षांची सवयही होती. तो एका जत्रेसाठी मोडला. दोष तेवढ्याचाच, आणि तो पुरेसा आहे.

कोकणकडा

सावरकरांचा उल्लेख अजून कुणी केला नाही म्हणून मी करतो, कारण एक गोष्ट नेहमी राहून जाते. १९१० च्या आधीही ते मार्सेयला उतरले होते. १९०६ मध्ये मुंबईहून 'पर्शिया' बोटीने इंग्लंडला जाताना. इटालियन क्रांतिकारक मॅझिनीने आपली 'तरुण इटली' ही संघटना १८३१ मध्ये मार्सेयलाच, परागंदा असताना, काढली होती. आठवणींत सावरकर सांगतात की शहर दाखवणाऱ्याकडे त्यांनी मॅझिनीच्या राहत्या जागेची चौकशी केली आणि त्याला ते नावही ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांचं मॅझिनीवरचं मराठी पुस्तक निघालं. म्हणजे चार वर्षांनी 'मोरिया' बोटीच्या शौचकुपातून त्यांनी उडी घेतली ते गाव त्यांच्या लेखी अनोळखी नव्हतं.

बाकी सर्वांना माहीत आहे: पोहून धक्का गाठला, फ्रेंच शिपायाने पकडून ब्रिटिशांच्या हवाली केलं, झोरेससारख्या समाजवादी नेत्यांनी फ्रान्समध्ये आवाज उठवला, प्रकरण हेगला गेलं आणि २४ फेब्रुवारी १९११ ला लवादाने ठरवलं की हवाली करण्यात चूक झाली, पण ब्रिटनवर परत देण्याचं बंधन नाही.

खाडीकर

कोकणकडा, यात जागेची एक भर. आपली माणसं जुन्या बंदरावर उभी राहून "इथेच उडी मारली" म्हणून फोटो काढतात. १९१० मध्ये मुंबईहून येणाऱ्या मोठ्या आगबोटी जुन्या बंदरात येतच नसत, तिथे पाणी तेवढं खोल नाही. १८४४ पासून उत्तरेला जोलिएतचं नवं बंदर बांधायला घेतलं आणि सगळी मोठी वाहतूक तिकडे सरकली. तो किनारा आजही चालू बंदर आहे, कुंपणाच्या आत.

सुएझ १८६९ मध्ये उघडलं आणि मार्सेय मुंबईच्या शेजारी आलं. विलायतेला घाई असलेला प्रवासी इथे उतरून आगगाडी धरायचा, पुढचा समुद्राचा फेरा वाचायचा. गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना इथेच उतरले. उलट बाजूने भारतातून भुईमूग आणि तीळ इथल्या तेलगिरण्यांना येत. मार्सेयचा साबण म्हणून जगभर जे विकलं गेलं त्यात आपल्या शेतकऱ्याचं तेलही आहे. आणि खाचेत खाच बसणारी लाल कौलं. ती मूळची १८४१ ची आल्सासची युक्ती, मार्सेयच्या भट्ट्यांनी जगभर नेली, आणि आपल्याकडे मंगळूरच्या बासेल मिशनने १८६५ पासून त्याच घाटाची कौलं काढली. कोकणातली घरं ज्यांनी शाकारली आहेत ती.

भातुकली

खाण्याचं कुणीच लिहीत नाहीये 🙂 मार्सेयला लेस्ताकच्या बाजूला 'पानिस' मिळतात. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घोटायचं, थापून थंड करायचं, काप करून तळायचे. आपल्या पाटवडीची फ्रान्समधली बहीणच, फक्त फोडणी आणि हिंग नाही! आणि सां-व्हिक्तोर मठाजवळ १७८१ पासूनची एक भट्टी आहे, तिथे होडीच्या आकाराची, संत्र्याच्या फुलांच्या अर्काची टणक बिस्किटं. २ फेब्रुवारीला सण असतो तेव्हा भली मोठी रांग लागते.

मीच_तो_वाचक

खाडीकर, लेख आवडला, पण "बाहेरच्यांनी अद्दल घडवली" ही मांडणी मला अपुरी वाटते. जुनं शहर सगळ्यात जास्त पाडलं ते घरच्यांनीच. १८६२-६४ मध्ये जुनं बंदर ते जोलिएत असा सरळ रुंद रस्ता काढला, आजची र्यू द ला रेप्युब्लिक. त्यासाठी टेकडी कापली, नऊशेहून अधिक घरं पाडली, हजारो गरीब माणसं हुसकली. अपेक्षा होती की श्रीमंत राहायला येतील. ते आले नाहीत. १९६७ चं व्यापारी संकुल जुनी_नाणी यांनी सांगितलंच. २०१७ मध्ये कोर्देरीला इमारतीच्या खोदकामात इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकातली ग्रीकांची दगडखाण सापडली, इतकं आंदोलन होऊन तिचा छोटासा तुकडा राखला. आणि ५ नोव्हेंबर २०१८ ला ओबान्य रस्त्यावर घरं कोसळून आठ जण गेले. मोडकळीला आलेल्या घरांबद्दल कैक वर्षं तक्रारी होत्या. हे सीझरने केलं नाही, लुईने केलं नाही.

खाडीकर

तुम्ही दिलेलं एकूण एक उदाहरण खरं आहे. तरी मला फरक दिसतो. रस्ता काढणाऱ्याला भाडं हवं होतं, ते वाईटच. पण शहर म्हणजेच गुन्हा, असं मानून पाडणं वेगळं. क्रांतीच्या काळात १७९२ मध्ये इथलेच स्वयंसेवक स्ट्रासबुर्गला रचलेलं गाणं गात पॅरिसपर्यंत चालत गेले म्हणून फ्रान्सच्या राष्ट्रगीताला या शहराचं नाव मिळालं. दोनच वर्षांत, बंड केलं म्हणून, पॅरिसच्या सरकारने फर्मान काढलं की या शहराचं नावच काढून घ्या. काही आठवडे ते अधिकृतपणे 'नाव नसलेलं शहर' होतं. आणि १९४३ तर आपण अजून लिहिलंच नाही. ते लिहितो.

बंदराच्या उत्तरेची जुनी वस्ती म्हणजे सव्वीसशे वर्षांपूर्वी जिथे पहिलं ग्रीक घर उभं राहिलं ती टेकडी. १९४० नंतर अर्ध्या युरोपातले पळालेले लोक मार्सेयला अडकले होते. व्हेरियन फ्राय या अमेरिकन पत्रकाराने इथे राहून सुमारे २,००० जणांना बाहेर काढलं, त्यांत चित्रकार शागाल होता, विचारवंत हाना आरेंट होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन शहरात आले. त्यांच्या दृष्टीने ही गल्लीबोळांची वस्ती म्हणजे घाण, गुन्हेगार आणि लपलेले शत्रू. नाझी नेता हिमलर याने पाडायचा हुकूम दिला. फ्रेंच पोलीसप्रमुख बूस्के याने आपले पोलीस दिले, हजारोंनी.

२२ जानेवारी १९४३ पासून धरपकड. २४ तारखेला, रविवारी पहाटे, सगळी वस्ती घेरली आणि सुमारे २०,००० माणसांना घराबाहेर काढलं. थोडंफार सामान घ्यायला मुभा. ट्रामने आराँकच्या स्थानकावर, तिथून मालगाडीच्या डब्यांतून फ्रेजुसच्या छावणीत. हो, तेच आराँक, जिथे १७२० मध्ये कापसाचे गठ्ठे उतरले. या धरपकडीत सुमारे १,६०० जणांना पुढे काँपियेन्यच्या छावणीत नेलं. त्यांत जवळपास ८०० ज्यू होते. ते पोलंडमधल्या सोबिबोरच्या संहारछावणीत मारले गेले.

१ फेब्रुवारीपासून सुरुंग. गल्ली संपली की पुढची गल्ली, असं जवळपास तीन आठवडे. चौदा हेक्टर, सुमारे १,५०० इमारती. सतराव्या शतकातलं नगरभवन आणि हिऱ्याच्या पैलूंसारखे दगड बसवलेलं एक जुनं घर अशा मोजक्याच वास्तू मुद्दाम सोडल्या. म्हणून आज बंदरावर उभं राहिलं की उजव्या हाताला पन्नासच्या दशकातल्या दगडी इमारतींची सरळ रांग दिसते. पाहुणे विचारतात ते जुनं गाव तिथे होतं.

ढिगारा उपसताना खाली रोमन बंदराचं गोदाम मिळालं, अर्ध्या जमिनीत पुरलेले, माणूस मावेल एवढे मातीचे रांजण जागच्या जागी. तिथे आता संग्रहालय आहे. त्या रविवारी हाकललेल्यांपैकी हयात असलेल्यांनी आणि वारसांनी तक्रार केली आणि २०१९ मध्ये पॅरिसमध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची चौकशी सुरू झाली. तेव्हा पोरं होती ती सगळी. आजोबांचं दुकान, मांजर, जिन्याचा वास, असलं सांगतात.

मीच_तो_वाचक

हे वाचून गप्प झालो. फरक पटला. तरी एक जोडतो: ऑगस्ट १९४४ मध्ये शहर सोडवलं ते मुख्यतः अल्जेरियाच्या आणि मोरोक्कोच्या सैनिकांनी. टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च त्यांनी २५ तारखेला घेतलं, २८ ला जर्मन शरण आले. त्याच सैनिकांची मुलं-नातवंडं पुढे या शहरात राहायला आली तेव्हा त्यांना मिळाल्या त्या उत्तरेकडच्या उंच सरकारी चाळी. १८८१ मध्ये इटालियनांवर दंगल, १९२० च्या दशकात आर्मेनियन निर्वासित छावणीत, १९६२ मध्ये अल्जेरियाहून बोटी भरभरून फ्रेंच, मग कोमोरोसचे लोक. प्रत्येकाला आधी आलेल्याने "तुम्ही कोण?" विचारलं.

रानजाई

म्हणजे जिप्तिसचा पेला आणि तिच्या भावाच्या गाड्या, दोन्ही अजून चालू आहेत.

एक विचारायचं होतं. माझ्या पणजोबांचे भाऊ पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले होते असं घरात सांगतात. भारतीय शिपाई मार्सेयलाच उतरले ना? तिथे काही पाहता येईल का? येत्या मे महिन्यात आम्ही जातोय.

खाडीकर

हो, तिथेच. लाहोर डिव्हिजनची जहाजं २६ सप्टेंबर १९१४ ला मार्सेयला लागली. शिपाई शहरातून चालत गेले तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लोकांनी फुलं दिली, त्याची छायाचित्रं आणि पोस्टकार्डं आजही मिळतात. बोरेलीच्या बागेत तंबू पडले होते, त्यातल्या कित्येकांच्या अंगावर खाकी सुती कपडे होते आणि पुढे फ्लांडर्सचा हिवाळा होता.

शहराच्या दक्षिणेला माझार्ग नावाच्या उपनगरात युद्धदफनभूमी आहे, तिथे भारतीयांचं स्मारक आहे. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत, दफन झालेल्यांच्या वेगळ्या शिळा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले, त्याच दिवशी शहरात भारताचा वाणिज्य दूतावासही उघडला. दफनभूमी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. घरात पलटणीचं नाव किंवा शिपाई क्रमांक कुठे लिहिलेला असेल, जुन्या पेन्शनच्या कागदावर वगैरे, तर तो आधी शोधून ठेवा, कारण नावांची इंग्रजी स्पेलिंगं त्या काळी कशीही झाली आहेत. जाताना सकाळी जा, मेमध्ये दुपारी ऊन चढतं. आणि नाव सापडलं तर इथे नक्की कळवा.